विझवता न येणारी भट्टी: २०२२ चं गॅससंकट आणि एका जर्मन काच कारखान्याचे तीन निर्णय

हे प्रकरण मध्य जर्मनीतल्या एका काच कारखान्याचं आहे. कारखान्याचं नाव, गाव आणि ताळेबंदातले आकडे मुद्दाम गाळले आहेत. त्या दोन वर्षांत मी तिथल्या ऊर्जाखरेदीच्या कामात होतो. बैठकांमधलं बोलणं आठवणीतून लिहिलं आहे. सरकारी निर्णय, तारखा आणि बाजारभाव सार्वजनिक नोंदीतले आहेत. युरोपच्या आर्थिक धोरणावर मराठीत लिहिलं जातं ते बहुधा ब्रसेल्स आणि बर्लिनच्या उंचीवरून. तेच धोरण एका भट्टीच्या तोंडाशी उभं राहून कसं दिसलं, ते मला सांगायचं आहे.

पार्श्वभूमी

कारखाना चौथ्या पिढीच्या हातात आहे. अत्तराच्या आणि औषधांच्या बाटल्या बनतात. दोन भट्ट्या, दोन्ही गॅसवर, वितळत्या काचेला थोडा विजेचा टेकू. काच वितळवायला साधारण १५०० अंश सेल्सिअस लागतं, आणि एकदा पेटवलेली भट्टी दहा-पंधरा वर्षं रात्रंदिवस चालते. दिवाळी नाही, रविवार नाही. अचानक गॅस तुटला तर आतली काच गोठते, अस्तराच्या विटांना तडे जातात आणि उरतो तो दगड. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना किंवा कराडजवळची ओगलेवाडी ज्यांच्या घरच्या आठवणींत आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२०२१ मध्ये जर्मनीच्या गॅस आयातीतला निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के वाटा रशियाचा होता. हा गॅस स्वस्त होता आणि कित्येक दशकं न चुकता येत होता, शीतयुद्धाच्या काळातसुद्धा. त्यामुळे तो कायमच येत राहील असं सगळ्यांनी गृहीत धरलं. आम्हीही धरलं. २०२१ च्या सुरुवातीला युरोपातल्या गॅसचा भाव जिथे ठरतो त्या टीटीएफ बाजारात गॅसचा भाव मेगावॉट-तासाला २० युरोच्या आसपास होता, आणि आमच्या खरेदी विभागात गॅस हा वर्षातून एकदा चर्चेला येणारा विषय होता.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती पुढे महागात पडली. त्याच २०२१ मध्ये आमच्या पहिल्या भट्टीची मुदत संपली होती. ती थंड करून, फोडून, नव्या विटांनी बांधून काढली. काही महिने ती बंदच होती आणि त्या वर्षीचा गॅसचा वापर नेहमीपेक्षा बराच कमी झाला.

अडचण कशी वाढत गेली

२४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला. दोन आठवड्यांच्या आत, ७ मार्चला, रुडिगर बाखमान, मोरित्झ शुलारिक आणि इतर अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास आला. रशियाकडून ऊर्जा घेणं लगेच थांबवलं तर जर्मनीच्या सकल उत्पन्नात अर्धा ते तीन टक्के घट होईल, म्हणजे ते जड जाईल पण पेलवेल, असं त्याचं सांगणं होतं. चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत अशा गणिती प्रारूपांवर विसंबणं बेजबाबदारपणाचं असल्याचं सांगितलं. मोठे उद्योग आणि कामगार संघटना त्यांच्या बाजूने होत्या. आम्हीही होतो. सरकारने गॅस बंद केला नाही, आणि तो बंद करण्याचा निर्णय मॉस्कोच्या हाती राहिला.

मॉस्कोने तो हप्त्याहप्त्याने घेतला. जूनच्या मध्याला नॉर्ड स्ट्रीम १ मधून, म्हणजे रशियाहून समुद्राखालून जर्मनीत येणाऱ्या नळातून, येणारा गॅस ४० टक्क्यांवर आला, २७ जुलैला २० टक्क्यांवर. ३१ ऑगस्टला तीन दिवसांच्या दुरुस्तीसाठी म्हणून तो थांबला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. २६ सप्टेंबरला समुद्राखाली स्फोट होऊन नळ फुटले.

मधल्या काळात, २३ जूनला, सरकारने गॅस आणीबाणी योजनेचा दुसरा टप्पा, म्हणजे धोक्याचा टप्पा जाहीर केला. तिसरा टप्पा आला असता तर गॅस कुणाला द्यायचा हे बाजाराऐवजी बुंडेसनेट्झआगेंटूर ही नियामक संस्था ठरवणार होती. घरं आणि रुग्णालयं यांना युरोपच्या नियमांनुसार संरक्षण होतं. तोडायची वेळ आली तर आधी उद्योग.

आमचा भट्टीप्रमुख त्या दिवसांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचा: "मला तास सांगू नका, आठवडे सांगा." भट्टी नीट रिकामी करून सावकाश थंड करायला तेवढा वेळ लागतो. सूचना येऊन काही तासांत गॅस गेला, तर नुकसान एका वर्षाच्या नफ्याचं नसतं, अख्ख्या भट्टीचं असतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता तेल. भट्टीला दुसरे बर्नर लावून हलक्या इंधन तेलावर चालवायचं. त्यासाठी टाकी हवी, बर्नर हवेत आणि उत्सर्जन कायद्याखालची परवानगी हवी. बर्नर बनवणाऱ्यांकडे तेव्हा अख्ख्या जर्मनीची रांग होती. आम्ही एका भट्टीपुरती ऑर्डर दिली.

दुसरा, फुटकी काच वाढवणं. मिश्रणात दर दहा टक्के फुटकी काच वाढली की ऊर्जा साधारण अडीच ते तीन टक्के वाचते. बिअरच्या हिरव्या बाटलीला हे सहज जमतं. अत्तराची बाटली पाण्यासारखी स्वच्छ लागते आणि औषधाच्या बाटलीचे नियम त्याहून कडक, त्यामुळे आमच्याच तुटफुटीच्या पलीकडे फार वाव नव्हता.

तिसरा, एक भट्टी 'राखून' ठेवणं: माल काढायचा नाही, फक्त काच गोठणार नाही इतकी ऊब ठेवायची. ऐकायला बरं वाटतं, पण नुसतं राखायलाही नेहमीच्या गॅसचा मोठा हिस्सा जळतोच, आणि समोर विकायला काही नसतं.

चौथा पर्याय कागदावरचा होता: पुढच्या वर्षाच्या गॅसचा भाव आजच बांधून घेणं. बाकीच्या तीन पर्यायांवर आम्ही आठवडेच्या आठवडे घालवले. सगळ्यात महाग ठरलेला, या चौथ्या पर्यायाचा निर्णय दोन दिवसांत झाला.

पहिला निर्णय: ऑगस्टचा शेवटचा आठवडा

२६ ऑगस्ट २०२२ ला टीटीएफचा भाव मेगावॉट-तासाला ३०० युरोच्या बराच वर गेला होता. म्हणजे किलोवॉट-तासाला ३० सेंटहून जास्त, दीड वर्षापूर्वीच्या जवळपास पंधरापट. आमच्या पुरवठादाराने कळवलं की २०२३ साठी प्रस्ताव आज देतो, उद्याची खात्री नाही. अनेक कारखान्यांना तर कुणी प्रस्तावच देत नव्हतं. त्या बैठकीत मालक, वित्तप्रमुख, भट्टीप्रमुख आणि मी होतो. पुढच्या वर्षाच्या गरजेतला निम्म्याहून जास्त गॅस आम्ही त्या आठवड्याच्या भावाला बांधून घेतला.

कारण काय दिलं होतं ते इतिवृत्तात आहे: "पुरवठ्याची सुरक्षितता." चूक याच शब्दांत होती, आणि ती माझीही होती, कारण टिपण मीच तयार केलं होतं. गॅस मिळेल का, हा एक प्रश्न. तो काय भावाने मिळेल, हा दुसरा. भाव बांधल्याने दुसऱ्याचं उत्तर मिळतं. तिसरा टप्पा जाहीर झाला असता, तर आमच्या हातातल्या कराराने एक घनमीटरही जादा आला नसता. गॅस नियामकाच्या यादीप्रमाणेच वाटला गेला असता. आम्ही पुरवठ्याच्या भीतीपोटी भावाचा विमा घेतला, आणि तोही सर्वात महाग दिवसांत.

नंतर कळलं की त्याच आठवड्यांत जर्मन सरकारकडूनही असंच काहीसं होत होतं. नव्या कायद्यानुसार साठवणुकीच्या गुहा १ नोव्हेंबरपर्यंत ९५ टक्के भरायच्या होत्या. ट्रेडिंग हब युरोप ही बाजारव्यवस्थापक संस्था सरकारी हमीच्या कर्जावर मिळेल त्या भावाने गॅस उचलत होती. साठे भरणं आवश्यकच होतं, यात मला शंका नाही. पण ठरलेल्या तारखेपर्यंत कितीही भाव देऊन घेणारा ग्राहक बाजारात आहे हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर विकणारा थांबतो. आणि शेजारचे देशही तेच करत होते, एकमेकांवर बोली चढवत. युरोपची एकत्रित खरेदीची व्यवस्था उभी राहून पहिली मागणी नोंदवायला एप्रिल २०२३ उजाडला.

मदत: आधी उलटी, मग सुलटी

सरकारचं पहिलं पाऊल आमच्या विरुद्ध दिशेने होतं. रशियन गॅस तुटल्यामुळे महाग गॅस घेऊन जुन्या भावाने विकावा लागणारे आयातदार बुडायला आले होते, त्यांत उनिपर सर्वात मोठी. त्यांना वाचवण्यासाठी १५ ऑगस्टला गॅस अधिभार जाहीर झाला: १ ऑक्टोबरपासून प्रत्येक ग्राहकाने किलोवॉट-तासाला २.४१९ सेंट जादा द्यायचे. आम्ही ग्राहकांना भाववाढीची पत्रं पाठवली. मग २१ सप्टेंबरला सरकारने उनिपरच ताब्यात घेण्याचं ठरवलं, आणि २९ सप्टेंबरला, लागू व्हायच्या दोन दिवस आधी, अधिभार मागे घेतला. आम्ही ती पत्रं परत घेतली. एका फ्रेंच अत्तर कंपनीच्या खरेदीदाराने तेव्हा मला शांतपणे विचारलं, "तुमचा पुढच्या महिन्याचा भाव नक्की कोण ठरवतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अधिभार मागे घेतला त्याच दिवशी शोल्त्स यांनी २०० अब्ज युरोंची संरक्षक छत्री, म्हणजे ऊर्जेच्या महागाईत सरकारी मदतीची योजना, जाहीर केली. तपशील ठरवायला तज्ज्ञांचा आयोग होता. अर्थतज्ज्ञ वेरोनिका ग्रिम, कामगार नेते मिखाएल वासिलियाडिस आणि उद्योग महासंघाचे सिगफ्रीड रुसवुर्म हे त्याचे अध्यक्ष. १० ऑक्टोबरला अंतरिम अहवाल आला, डिसेंबरच्या मध्याला कायदा झाला. घरं आणि छोट्या ग्राहकांना आधीच्या अंदाजित वापराच्या ८० टक्के गॅस किलोवॉट-तासाला १२ सेंटने. मोठ्या उद्योगांना १ जानेवारी २०२३ पासून २०२१ च्या वापराच्या ७० टक्के गॅस ७ सेंटने, कर आणि वहनशुल्क वेगळं.

या योजनेची बांधणी मला आजही हुशारीची वाटते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मदत चालू वापरावर नव्हती, जुन्या वापरावर होती. त्यामुळे आज एक युनिट वाचवलं, तर त्या युनिटचा पूर्ण बाजारभाव वाचत होता. मदत तेवढीच राहत होती. स्पेन आणि पोर्तुगालने जून २०२२ पासून वीजनिर्मितीच्या गॅसलाच ४० युरोंची मर्यादा घातली. त्याने विजेची बिलं उतरली, पण गॅस जाळून वीज करणं स्वस्त झालं. युरोपला तर तेव्हा गॅस वाचवायचा होता. सदस्य देशांनी जुलैमध्ये १५ टक्के बचतीचं ठरवलं होतं. ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२३ मध्ये प्रत्यक्षात १८ टक्के झाली.

पण ही हुशारी जर्मनीच्या तिजोरीवर उभी होती. इटलीचे तेव्हाचे पंतप्रधान मारियो द्रागी यांनी छत्री जाहीर झाली त्याच दिवशी बोलून दाखवलं की प्रत्येक देशाच्या अंदाजपत्रकात किती जागा आहे यावरून युरोपने आपसात फाटू नये. आमच्याच उत्पादनाचा एक इटालियन स्पर्धक होता. त्याच्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं.

२०२१ नावाचं वर्ष

आता ती बांधून काढलेली भट्टी. हिशेब सोपा करून सांगतो, आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. समजा नेहमीचा वर्षाचा वापर १०० आहे. २०२१ मध्ये एक भट्टी काही महिने बंद, म्हणून वापर ७५. सवलतीचा गॅस ७५ च्या ७० टक्के, म्हणजे ५२.५. शेजारच्या ज्या कारखान्याने त्या वर्षी काहीच दुरुस्ती केली नाही, त्याला ७०. जुनी, जास्त गॅस खाणारी भट्टी चालवणाऱ्याला मदत जास्त. नवी, काटकसरी भट्टी बांधणाऱ्याला कमी.

२०२३ च्या उन्हाळ्यात कायद्यात दुरुस्ती झाली. कोरोनाचे निर्बंध किंवा पूर यांमुळे २०२१ चा वापर फार घटला असेल, तर जादा मदतीची वाट उघडली. भट्टीची बांधणी त्यात बसत नव्हती.

यावर सरकारला दोष देणं सोपं आहे. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोग कामाला बसला होता तेव्हा आम्ही आमच्या संघटनेला या मुद्द्यावर एक ओळही कळवली नव्हती. आमचं सगळं लक्ष तेलाच्या टाकीवर होतं. काच उद्योगात दरवर्षी कुणाची ना कुणाची भट्टी बांधायला निघतेच. तीन वर्षांची सरासरी धरा, इतकं साधं सांगणं होतं. ते वेळेत कुणी सांगितलं असतं तर कदाचित ऐकलं गेलं असतं.

दुसरा आणि तिसरा निर्णय

दुसरा निर्णय राखण्याचा. २०२३ च्या सुरुवातीला ऑर्डरी कमी झाल्या, ग्राहकांनी आधीच्या वर्षी घाबरून साठे केले होते. दुसरी भट्टी आम्ही काही महिने राखून ठेवली, आणि कामगारांना कुर्झआर्बाइट या योजनेखाली कमी तास दिले. गेलेल्या पगाराचा मोठा भाग त्यात सरकारी विमा भरतो. यावर फारसा वाद झाला नाही आणि निर्णय बरोबर होता.

वाद झाला तो तिसऱ्यावर. युरोपच्या सरकारी मदतीच्या नियमांमुळे या सवलतीला टप्पे होते. एकूण मदत २० लाख युरोंच्या आत राहिली तर अटी थोड्या. त्यापुढे कागदपत्रं, तपासणी आणि मुख्य म्हणजे रोजगाराची हमी: कामगारांशी करार करायचा, नाहीतर ३० एप्रिल २०२५ पर्यंत किमान ९० टक्के पदं टिकवण्याचं लिहून द्यायचं. ऑगस्टमधल्या महागड्या करारामुळे आमचा भाव आणि ७ सेंट यांतलं अंतर प्रचंड होतं, त्यामुळे ती मर्यादा आम्ही अपेक्षेपेक्षा फार लवकर गाठणार होतो.

कामगार मंडळाची अध्यक्षा, तीस वर्षं तपासणी विभागात काढलेली बाई, म्हणाली, "हमी द्या आणि पैसे घ्या. आम्हाला काढून तुम्ही काच करणार आहात का?" मालकाला हात बांधून घ्यायचे नव्हते, वर्षभरात एक भट्टी कायमची बंद करावी लागली तर काय, ही त्यांची धास्ती. मी मालकाच्या बाजूने टिपण लिहिलं. कारखाना २० लाखांच्या आत राहिला.

आज मला वाटतं, बाई बरोबर होत्या. काचेचा गोळा पाहून तापमान ओळखणारा माणूस पाच वर्षांत तयार होतो. त्याला काढण्याचा विचार आम्ही खरं तर कधीच केला नव्हता. जे करणारच नव्हतो ते न करण्याचं वचन द्यायला आम्ही नकार दिला, आणि त्यासाठी मिळू शकणारी मदत सोडली.

काय झालं

तिसरा टप्पा कधीच जाहीर झाला नाही. हिवाळ्याची सुरुवात उबदार होती, नोव्हेंबरच्या मध्याला साठे काठोकाठ भरले, १७ डिसेंबरला विल्हेल्म्सहाफेन इथे द्रवरूप गॅसचं पहिलं टर्मिनल सुरू झालं, परवानग्यांसाठी वर्षानुवर्षं घालवणाऱ्या देशात, काही महिन्यांत उभं राहून. फेब्रुवारी २०२३ मध्ये टीटीएफचा भाव ५० युरोंच्या खाली आला. आम्ही त्या भावाच्या कित्येक पट देत होतो, डिसेंबरपर्यंत. तेलाचे बर्नर बसले, चाचणी झाली, आणि ते पुन्हा पेटवायची वेळ आली नाही. त्या खर्चाबद्दल मला काही वाटत नाही. पुरवठ्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच होतं.

१५ नोव्हेंबर २०२३ ला घटनात्मक न्यायालयाने ६० अब्ज युरोंची कर्जाची तरतूद हवामान निधीत वळवणं घटनाबाह्य ठरवलं. त्या निकालाच्या धक्क्यात, तशाच राखून ठेवलेल्या कर्जावर उभी असलेली २०० अब्जांची छत्रीही मिटली. मार्च २०२४ अखेरपर्यंत वाढवायचं ठरलेली गॅसची सवलत ३१ डिसेंबर २०२३ ला संपली. २०० अब्जांतला मोठा भाग वापरलाच गेला नाही.

कारखाना उभा आहे. पण भाव खाली आले म्हणजे जुने दिवस आले, असं झालं नाही. नळाने येणाऱ्या गॅसची जागा जहाजाने येणाऱ्या गॅसने घेतली, आणि तो आशियातल्या खरेदीदारांशी स्पर्धा करून घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२४ मधल्या आपल्या अहवालात द्रागी यांनी दाखवलं की युरोपातले उद्योग गॅससाठी अमेरिकेच्या चार-पाचपट भाव देतात. जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ मध्ये आणि २०२४ मध्येही आकसली, आणि रसायन, काच, कागद, धातू या ऊर्जाखाऊ उद्योगांचं उत्पादन संकटापूर्वीच्या पातळीला परत गेलेलं नाही.

पुन्हा वेळ आली तर

खरेदी हप्त्यांनी करायची, दर महिन्याला थोडी, हे आता लेखी धोरण आहे; एका बैठकीत वर्षाच्या गरजेच्या दहाव्या हिश्शाहून जास्त गॅस बांधता येत नाही. टिपणात 'सुरक्षितता' हा शब्द लिहिला तर कोणती, पुरवठ्याची की भावाची, हे त्याच ओळीत लिहावं लागतं. हा नियम मीच सुचवला.

सरकारच्या बाबतीत एकच गोष्ट माझ्या जिवाला लागते. मार्च ते डिसेंबर हे नऊ महिने. मदत कशी असावी याची चांगली कल्पना ऑक्टोबरमध्ये दहा-बारा दिवसांत कागदावर आली. ती मे महिन्यात मागितली असती, तर ऑगस्टमध्ये आमच्यासारख्यांना माहीत असतं की पुढच्या वर्षीच्या बऱ्याचशा गॅसला ७ सेंटचं छप्पर आहे. त्या आठवड्यात आमचा हात इतका थरथरला नसता. आमच्यासारख्या हजारो खरेदीदारांचाही नसता, आणि भाव तितका चढला असता का, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो.

दुसऱ्या भट्टीची मुदत आता संपत आली आहे. टेबलावर दोन प्रस्ताव आहेत: एक आजच्यासारखी गॅसची, दुसरी बहुतांश विजेवर चालणारी. पंधरा वर्षांचा निर्णय आहे, आणि दुसरा प्रस्ताव पूर्णपणे विजेच्या दरावर अवलंबून आहे. कामगार मंडळाच्या अध्यक्षांना या वेळी पहिल्या बैठकीपासून बोलावलं आहे.